तू म्हणालास, "आई, तू फक्त बस"

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, त्याबद्दल हे पत्र. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणाले ते खोटं होतं. गॅस बंद होता. मी खुर्चीत बसले होते आणि मला तुझा राग आला होता. ७८ वर्षांच्या बाईनं, तेही नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेहून येऊन चपला काढते न काढते तोच खोटं बोलावं हे काही शोभत नाही. पण बोलले खरी.

तू काय म्हणालास ते तुझ्या लक्षातही नसेल. "या वर्षी नाताळ आमच्याकडे. आणि आई, तू काही म्हणजे काही करायचं नाहीस. तू फक्त बस." मागून सूनबाईचा आवाज आला, "हो आई, नुसतं बसायचं." दोघंही मायेनं बोलत होतात, ते कळत होतं मला. तरी आत कुठंतरी टोचलं. कपाटाला कोणी सांगतं का, तू फक्त जागेवर राहा म्हणून?

फोनवर हे बोलता आलं नसतं. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि मधूनच धाकटी येऊन "आज्जी, मला काय आणणार?" विचारते, मग मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. एका बैठकीत होणार नाही, दोन-तीन दिवस लागतील.

तुला आठवतो तो सगळा नाताळ माझ्या हातचा होता. पडदे धुणं, सगळ्यांचे कपडे शिवून घेणं, कुणाकुणाला कार्डं पाठवायची त्याची यादी, कुणाचं कार्ड आलं नाही त्याचीही यादी. वर शब्बाथशाळेचं नाटक. २२ वर्षं बसवलं मी ते. पुठ्ठ्याचे पंख, बाळाला देणग्या घेऊन आलेले तीन मागी लोक, दरवर्षी ऐनवेळी रडणारा एक तरी देवदूत. (मागी तीनच होते असं मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात कुठंही म्हटलेलं नाही, देणग्या तीन म्हणून आपण माणसं तीन केली. पण आपल्याकडं मुकुटही तीनच होते.) लोक म्हणायचे, बाई, तुम्ही नसता तर नाताळच झाला नसता. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं. आणि खरं सांगायचं तर डिसेंबर उजाडला की मी देवाला विसरायचे. वेळच नसायचा. त्याच्या वाढदिवसाची तयारी करण्यात मी इतकी गढलेली असायचे की तो दारात येऊन उभा राहिला असता, तरी म्हटलं असतं, जरा थांब, पाय पुसून ये.

आता एक गोष्ट. ती तुला आठवते की नाही मला माहीत नाही. नसली आठवत तर बरंच.

तू सात वर्षांचा होतास. २४ तारखेची संध्याकाळ. गोठ्याचा देखावा मांडून झाला होता, आणि तू त्यातला तो मातीचा मेंढपाळ खेळायला घेतलास आणि हातातून सोडलास. कोकरू धरलेला हात कोपरापासून निखळला. मी तुझ्या थोबाडीत दिली. चापट नव्हे, सणसणीत. दिवसभराचा सगळा शीण त्या एका हातात आला होता. तासाभरानं आपण उपासनेला गेलो, तू पहिल्या रांगेत उभा राहून पृथ्वीवर शांतीचं गाणं म्हटलंस, आणि तुझ्या डाव्या गालावर माझी बोटं होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, किती गोड गातोय. मी मान डोलावली.

रात्री बाबांनी तो हात चिकटवला. काही बोलले नाहीत. योसेफाच्या तोंडी पवित्र शास्त्रात एकही वाक्य नाही, तसेच तुझे बाबा. उठायचं, करायचं, दिवा मालवायचा. हात किंचित तिरका बसला, त्यामुळे ते कोकरू गव्हाणीकडं न बघता मान वळवून मेंढपाळाच्याच तोंडाकडं बघतं. अजूनही. सांध्यावर चिकटवल्याची पिवळी रेघ आहे.

त्या थोबाडीची माफी मी कधी मागितली नाही. आज मागते. उशीर झाला आहे, पण पत्रात वरखाली कुठंही लिहिली तरी ती लिहायचीच होती.

तर "तू फक्त बस" का लागलं, ते तुला आता थोडं उमगेल. मी केलं म्हणून मी होते. करणं काढून घेतलं की खाली काय उरतं ते बघायची माझी हिंमत नव्हती. मग गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते बघायला लागलंच.

खुब्याचं हाड मोडलं ते तुला माहीत आहे, ऑपरेशनला तू आलास, तीन आठवडे राहिलास. पण तुला जे माहीत नाही ते लिहिते. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी एक आया आली, आपल्या मोठीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. "आज्जी, कंबर उचला," म्हणाली. मला उचलता येईना. मग तिनं मला कुशीवर वळवलं, एका हातानं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं सगळं पुसलं, बदललं. काम करताना ती गुणगुणत होती. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. भिंतीवर रंगाचा एक फुगा आला होता, तेवढाच बघत राहिले. ती म्हणाली, "लाजता काय, तुम्ही नाही का केलंत पोरांचं?" मी उत्तर दिलं नाही. मनात देवाला म्हणत होते, एवढं दाखवायचं होतं तर त्याआधी न्यायचं होतंस. तेवढ्यात तू दार लोटून आत आलास आणि मी तुझ्यावर ओरडले, "बाहेर जा!" तुला वाटलं, दुखतंय म्हणून ओरडली. दुखत नव्हतं.

नंतर नाताळ आला. तुझी सगळी रजा माझ्यापायी संपली होती, मीच म्हटलं येऊ नकोस. २५ तारखेच्या सकाळी मी पलंगावर, शेजारी वॉकर, कामाच्या मावशी नऊला यायच्या होत्या. साठ वर्षांत पहिल्यांदा नाताळची उपासना चुकली. म्हटलं निदान वाचू तरी. बाबांचं भिंग घेतलं आणि लूकचं शुभवर्तमान काढलं.

भिंगातून वाचायला बसलास कधी? एका वेळी तीन-चार शब्द दिसतात, बाकी पान धुक्यात. भरभर वाचताच येत नाही. जो भाग मला तोंडपाठ, बावीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलेला, तो मी त्या दिवशी अक्षर अक्षर लावून वाचला. देवदूत मेंढपाळांना सांगतो, तुम्हाला खूण ही. भिंग पुढं सरकवलं. बाळंत्यानं गुंडाळलेलं. आणखी पुढं. गव्हाणीत ठेवलेलं एक बालक.

तिथं मी थांबले. आजवर मला वाटायचं खूण म्हणजे ती प्रभा, ते आकाशातलं सैन्य, किंवा तो तारा. (ताराही लूकमध्ये नाही, तो मत्तयातला. आपण दोन्ही कथा एकत्र कालवल्यात. मार्क आणि योहान तर जन्माची कथा सांगतच नाहीत.) खूण म्हणून दिलं ते बाळंतं. बाळंतं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, तुझी मी दिवसाला पंधरा-पंधरा वाळत घातलीत. ते पोराला कशासाठी गुंडाळतात, तेही माहीत आहे. आणि त्या सकाळी माझ्या स्वतःच्या अंगाखाली काय होतं ते इथं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे, मेडिकलमधून तूच आणायचास.

मी हसले. एकटीच, मोठ्यानं. मग रडलेही थोडी, पण आधी हसले.

देव गरीब झाला हे मी आयुष्यभर ऐकत आले. पाळक दरवर्षी तेच सांगतात आणि खरंच आहे ते. चाळीस दिवसांनी मरीया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं एवढीच अर्पणाची ऐपत होती. लेवीयाच्या नियमात ती सवलत कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी आहे. पण गरीब माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, स्वतःचं नाक स्वतः पुसतो. तान्ह्या मुलाला स्वतःची मानसुद्धा धरता येत नाही. तू जन्मलास तेव्हा सुईणबाईंनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, उचलताना मानेखाली हात. म्हणजे कुणीतरी त्याच्याही मानेखाली हात दिला. ज्याच्या हातात सगळं आहे असं आपण म्हणतो, त्याची मान एका पोरसवद्या मुलीच्या तळहातावर होती, आणि तिनं हात काढला असता तर ती लुळी पडली असती. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी पंखांना चमकी लावत असेन.

ही तुलना पूर्ण जुळत नाही, मी वेडी नाही. तान्हं मूल परावलंबी असतं तेव्हा त्याला ते कळत नसतं, आणि ते रोज वर चढत असतं. मला कळतं, आणि मी उतरते आहे. शिवाय मी काही हे मागून घेतलेलं नाही. त्यानं घेतलं. प्रेषित पौलानं तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिलं त्यात आहे ना, स्वतःला रिक्त केलं. माझ्या बाबतीत कुणीतरी दुसराच येऊन भांडं उपडं करतोय. पण भांडं रिकामं झालं की आतून सारखंच दिसत असावं.

लाज गेली असं समजू नकोस. आजही न्हाणीघरात मावशींनी पाठ चोळली की मी आकसते. फक्त तेव्हापासून असं वाटत नाही की देव बाहेर व्हरांड्यात उभा आहे आणि माझं सगळं आवरून झालं की आत येणार आहे.

आज तिसरा दिवस. काल हात दुखला म्हणून लिहिलं नाही.

त्या दिवशी पुढंही वाचत गेले, कारण करायला दुसरं काही नव्हतं. तेव्हा आणखी एक लक्षात आलं. लूकची कथा बाळापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते दोन म्हाताऱ्यांपासून. जखऱ्या याजक आणि अलीशिबा, दोघंही उतारवयातले, मूलबाळ नाही. जखऱ्या धूप जाळायला आत जातो, देवदूत सांगतो मुलगा होईल, आणि तो म्हणतो, हे मी कशावरून समजू, मी म्हातारा आहे. झालं, वाचा गेली. मूल होऊन आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत खुणा करून बोलत होता बिचारा. मला त्याच्याबद्दल आता फार आपुलकी वाटते. लोक माझ्याशी बोलतात आणि मी चुकीचं ऐकून भलतंच उत्तर देते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्यानं नऊ महिने पाहिलं असेल.

आणि मरीयेचं सगळ्यात आधी कुणी ऐकून घेतलं? बाईनं बाईचं, तेही म्हाताऱ्या बाईनं. तीन महिने राहिली ती अलीशिबेकडं. कुणी जाब विचारला नाही, उलट आशीर्वाद मिळाला. घरात एखादं म्हातारं माणूस नुसतं असण्याचा हा एक उपयोग आहे, लिहून ठेव.

शेवटीही म्हातारीच माणसं. मंदिरात शिमोन आणि हन्ना. हन्नेचं लग्न झाल्यावर नवरा सात वर्षंच लाभला. मग विधवा. मूळ ग्रीक वाक्य असं आहे म्हणे, की ती ८४ वर्षांची होती असाही अर्थ लागतो आणि ८४ वर्षं विधवा होती असाही. दुसरा धरला तर बाई शंभरीच्या पार. मला बाबा ४३ वर्षं मिळाले आणि त्यांना जाऊन सहाच झाली, तरी मी कुरकुरते. बाळ पाहिल्यावर शिमोन जे म्हणाला ते गाणं होऊन बसलं, शब्दन् शब्द लिहून ठेवलं. हन्नाही बाळाविषयी सगळ्यांना सांगत फिरली, पण ती काय म्हणाली त्यातला एक शब्द कुणी टिपून ठेवला नाही. असो.

शिमोनाचं वय मात्र लूकनं कुठंच दिलेलं नाही. बघ वाचून. आपणच त्याला पांढरी दाढी लावली. नाटकात दरवर्षी कापूस मीच चिकटवायचे. वाट बघणारा माणूस म्हणजे म्हातारा असं आपण धरून चालतो. या वेळी मी भिंगाखाली फक्त एवढंच पाहिलं की त्यानं बाळाला हातांवर घेतलं. थरथरते असोत की नसोत, हातांवर. त्यावर एक जुनी लॅटिन ओळ आहे, २ फेब्रुवारीच्या सणाला म्हणतात: वृद्धानं बालकाला उचललं होतं, पण चालवत होतं ते बालक वृद्धाला. ही ओळ मला एका पाळकांनी फार वर्षांपूर्वी सांगितली होती, तेव्हा नुसती छान वाटली होती.

एक गोष्ट नाताळच्या उपदेशात सहसा कुणी बोलत नाही. त्याच शिमोनानं त्या कोवळ्या आईला तिथल्या तिथं सांगितलं, तुझ्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. चाळीस दिवसांचं बाळ हातात, आणि हे! मला पूर्वी ते वाक्य नकोसं वाटायचं, नाटकातून मी ते गाळलंच होतं. आता वाटतं, बरं झालं कुणीतरी बोललं. नाताळला सगळ्यांनी आनंदी दिसायचं असा जो दंडक असतो ना, तो माझ्या वयाला जड जातो. फोनची वही उघडली की निम्म्या नावांवर काट आहे. गेल्या वर्षीपासून मी काट मारणं सोडलं, नावाच्या बाजूला छोटा क्रूस काढते. गाणी सुरू झाली की मला बाबांचा खालच्या पट्टीतला आवाज उजव्या बाजूनं ऐकू येत नाही, आणि त्या न ऐकू येण्याला यंत्राचा काही इलाज नाही. मी त्या दिवशी गप्प बसले तर "आई, बरं नाही का?" असं विचारू नकोस. बरी असते मी. तलवार आहे, बाळही आहे, दोन्ही एकाच पानावर.

तू एकोणीस वर्षांचा असताना बाबांशी घातलेला वाद आठवला. "२५ डिसेंबर बायबलमध्ये कुठं आहे ते दाखवा." बाबा गप्प, मी संतापलेली. तुझंच बरोबर होतं. तारीख नाहीच. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगात ती येते, म्हणजे प्रभूनंतर तीन शतकांहून जास्त काळ गेल्यावर. पूर्वेकडच्या कित्येक मंडळ्या जुन्या पंचांगानं चालतात, त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. आणि सालाचा हिशेब तर आणखी गमतीचा. डायोनिसियस नावाच्या संन्याशानं ५२५ साली तो मांडला आणि तो थोडा चुकला. ज्याच्या राज्यात प्रभू जन्मला तो हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला असं बहुतेक अभ्यासक धरतात, म्हणजे ख्रिस्त जन्मला तो ख्रिस्तपूर्व काळात! हे मी नंतर वाचून काढलं, तुला उत्तर द्यायला. मग तू परगावी गेलास आणि उत्तर द्यायचं राहिलं.

आता देते. माझी जन्मतारीख माझ्या आईला ठाऊक नव्हती. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं एक लिहून टाकली, तीच आजतागायत सगळ्या कागदांवर आहे. म्हणून मी जन्मले नाही असं झालं का? तू दरवर्षी त्याच चुकीच्या तारखेला फोन करतोस आणि मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

तू हल्ली उपासनेला जात नाहीस हे मला माहीत आहे. सूनबाईनं सांगितलं नाही, मुलांच्या बोलण्यातून कळलं. मी त्यावर काही बोलणार नाही. माझा विश्वास तुला दिसला तो मुख्यतः धावपळीच्या रूपात दिसला, आणि एकदा गालावर. मग तू दूर गेलास तर मी कोणत्या तोंडानं बोलू? फक्त एवढं सांगते की मी रोज रात्री तुझं नाव घेते. त्याला तू हरकत घेऊ शकत नाहीस.

रात्रीची गोष्ट निघाली म्हणून. तू नेहमी विषय बदलतोस, पण पत्रात तुला बदलता येणार नाही. शिमोनाचं गाणं मंडळीनं फक्त नाताळापुरतं ठेवलं नाही, कित्येक शतकं ते दिवसाअखेरच्या प्रार्थनेत म्हटलं जातं. हॉस्पिटलपासून मीही म्हणते, दिवा मालवल्यावर. पूर्वी मला वाटायचं तो विनवणी करतोय, प्रभू, आता मला जाऊ दे. तसं नाही. तो म्हणतो, तू आपल्या दासाला शांतीनं जाऊ देत आहेस. देत आहेस. चालू आहे ते. मूळ भाषेतही क्रियापद तसंच आहे. म्हणजे हे जे चाललंय, कान गेला, खुबा गेला, नावं विसरते, गाण्याचं वरचं टोक गाठता येत नाही, हे सगळं त्या जाऊ देण्यातच असेल कदाचित. एकदम नाही, हळूहळू, एकेक गाठ सोडवत. मला लगेच जायचं नाही बरं, घाबरू नकोस. धाकटीचे पुढचे दोन दात यायचेत, ते बघायचे आहेत. पण भीती पूर्वीइतकी नाही. रात्री दोन-तीनला जाग आली की असते. सकाळी नसते.

आता कामाचं.

मी येते. २३ तारखेला येईन, गाडीत पुढच्या सीटवर बसेन, मागं पाय आखडतो. देखाव्याची पेटी माझ्याबरोबर येईल. ती मांडायची मुलांनी, मी नुसती बघेन. बघ, म्हटलं की नाही! मोठी मांडेल नीट, धाकटी काहीतरी फोडेल. फोडू दे. फुटलं तर तुम्ही दोघं काय करता ते मी खुर्चीतून बघणार आहे. मेंढपाळ मात्र पुढच्या बाजूला, दिसेल असा ठेवा, त्याची पाठ भिंतीला लावू नका. बाळाला २४ च्या रात्रीपर्यंत बाहेर काढायचं नाही, ते रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये असेल.

धाकटीनं मागं विचारलं होतं, गव्हाणी म्हणजे गव्हाची पेटी का? तू तिला काय सांगितलंस देव जाणे. तिला म्हणावं, गुरांना चारा घालतात ती. बैल आणि गाढव लूकनं लिहिलेले नाहीत हेही सांगू नकोस तिला एवढ्यात, तिचं गाढवावर प्रेम आहे. असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा त्यानंही खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलंच होतं. तीन वर्षांनी तो गेला. त्याच्याही मनात असेल, एकदा हातानं चाचपून बघू.

मला एक काम मात्र द्या. बसून करता येईल असं. लूकचा दुसरा अध्याय मी वाचणार. वेळ लागेल, भिंगातून वाचते. मुलांना आधीच सांगून ठेवा, आज्जी मध्येमध्ये थांबेल, विसरली म्हणून नाही.

आणि एक. फेब्रुवारीत तू आला होतास तेव्हा संध्याकाळी कोमट पाण्याची बादली घेऊन खाली जमिनीवर बसलास आणि माझ्या पायाची नखं कापायला लागलास. मला वाकता येत नाही हे तू न सांगता ओळखलं होतंस. मी पाय ओढून घेतला, म्हटलं, सोड, मावशी कापतील. तू काही बोलला नाहीस. उठलास, पाणी टाकून आलास. अगदी बाबांसारखा.

मावशींना ते जमत नाही, त्या फार वर कापतात. तुझ्याकडं ते मोठ्या पात्याचं नेलकटर आहे ना, ते शोधून ठेव.

तुझी,
आई